नाव काढलंस!

आपटा स्टेशन तुम्ही पाहिलेलं आहे. कधी गेला नसाल, पण पाहिलेलं नक्की आहे, माझी पैज! पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पकडा. सोमाटणे, रसायनी आणि मग आपटा. बाजूला पाताळगंगा, मागे डोंगर, पावसाळ्यात सगळं हिरवंगार, आणि मधे हे छोटंसं, बऱ्यापैकी निवांत स्टेशन. १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट इथेच शूट झाला. पडद्यावर पंजाब दिसतो, पण प्रत्यक्षात तो आपला पनवेल तालुका. गाडी सुटलीय, दारात शाहरुख उभा, काजोल हात सोडवायचा प्रयत्न करतेय आणि अमरीश पुरी तिचा हात काही सोडत नाही. मग सोडतो. पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही.

मध्यंतरी एका रविवारी ऑफिसमधले आम्ही सहाजण कर्नाळ्याला गेलो होतो. येताना 'आपट्याला जायचंच' असा एकीचा हट्ट. तिथे जाऊन प्रत्येकाने करायचे ते सगळे पोरकटपणे केले. गाडी नव्हतीच, त्यामुळे उभ्या प्लॅटफॉर्मवरून धावत्या हिरोला हात द्यायचा फोटो काढला! परतीच्या गाडीला भरपूर वेळ होता. चिवड्याची पाकिटं फोडली आणि गप्पा सुरू झाल्या. आमच्यातली एक एचआरमध्ये आहे. तिने एक किस्सा सांगितला.

इंटरव्ह्यू चालू होते. एका मुलाच्या बायोडेटावर मधलं नाव आणि आडनाव असं काही जुळून आलं होतं, की मुंबईत वाढलेल्या कुणाचीही भुवई वर जावी. कुठलं नाव ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पॅनलवरचा एकजण हसत म्हणाला, "काय रे, त्यांच्यापैकी नाहीस ना?" मुलाला बहुधा याची सवय असावी. तोही हसला. म्हणाला, "नाही सर, माझे बाबा कंडक्टर आहेत." सगळे सुटल्यासारखे हसले, पुढचे प्रश्न झाले, मुलाला नोकरीही मिळाली.

"पण मला सारखं वाटतं," ती म्हणाली, "त्यांच्यापैकी असता तर?"

गाडी येईपर्यंत आमचे दोन तट पडले. एक तट : बापाने केलं त्यात पोराचा काय दोष? दुसरा तट : बोलायला सोपं आहे, तुझ्या बाजूच्या क्युबिकलमध्ये बसला की कळेल! त्या दिवशी निकाल लागला नाही. मात्र तो 'असता तर' माझ्या डोक्यात घर करून बसला. म्हणून आजचा कॉलम.

आधी आपल्या नावांबद्दल. आपण मराठी माणसं स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहितो. शाळेच्या हजेरीपासून होम लोनच्या फॉर्मपर्यंत बाप आपल्या नावाच्या मधोमध बसलेला असतो. पोराने बोर्डात नंबर काढला की शेजारचे काका म्हणतात, "बापाचं नाव काढलंस!" आणि पोरगं वाया गेलं तरी तेच काका तेच वाक्य म्हणतात, फक्त सूर बदलतो.

आता आपट्याची ती गाडी जरा मुंबईत नेऊ या. आपट्याला शूट झालेला तो सिनेमा पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालला तो मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात. बापाने पोरीचा हात सोडला की तिथे रोज शिट्ट्या पडायच्या. त्या थिएटरमधून बाहेर पडून चालत जाता येईल इतक्या अंतरावर दोन पत्ते आहेत. एक नागपाडा. दुसरा भायखळ्याची दगडी चाळ. आपल्या शहरातल्या दोन सर्वांत गाजलेल्या 'घराण्यांचे' हे पत्ते. आणि दोन्हीकडची गोष्ट सुरू होते ती गँगपासून नव्हे, तर नोकरीवर जाणाऱ्या एका साध्या बापापासून.

पहिलं नाव घ्या. दाऊद इब्राहिम. यातलं 'इब्राहिम' हे आडनाव नाही. आडनाव कासकर. इब्राहिम हे त्याचं मधलं नाव, म्हणजे त्याच्या वडिलांचं. आणि इब्राहिम कासकर कोण होते? मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल! मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावचे. कोकणातून मुंबईत यायचं, सरकारी नोकरी धरायची, मोठ्या कुटुंबाचं पोट भरायचं. तुमच्या-माझ्या आजोबांची गोष्ट याहून फार वेगळी नसेल.

हा हवालदाराचा मुलगा १९८६ मध्ये दुबईला पळाला. १२ मार्च १९९३ला मुंबईत एका दुपारी बॉम्बस्फोटांची मालिका झाली, २५७ माणसं गेली, आणि त्याचा मुख्य सूत्रधार म्हणून तपासात त्याचं नाव आलं. २००३ मध्ये अमेरिकेने त्याला जागतिक दहशतवादी जाहीर केलं. आता गंमत बघा, (गंमत कसली म्हणा!) जगभरच्या नोटिशींत, बातम्यांत, टीव्हीच्या पट्टीवर दर वेळी एका हवालदाराचं नाव छापून येतं. 'दाऊद कासकर' कुणी म्हणत नाही. त्या बापाचं नाव मुलाने असं 'काढलं'.

म्हणजे 'खाण तशी माती' ही म्हण इथे पहिल्याच फटक्यात बाद. खाण पोलिसाची होती.

आणि ही नाती नुसती कागदावर नव्हती. गँगवॉर म्हटलं की आपल्याला खंडणी, ड्रग्ज, बिल्डर आठवतात. पण त्यातल्या मोठ्या मोठ्या तारखा पाहिल्या तर वाटतं, हे एखाद्या कुटुंबाचं श्राद्धांचं कॅलेंडर आहे. १९८१ : दाऊदचा भाऊ साबीर प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर मारला जातो. १९९० : अरुण गवळीचा भाऊ किशोर, म्हणजे पापा गवळी, मारला जातो. २६ जुलै १९९२ : गवळी टोळीकडून नागपाड्यात दाऊदचा मेहुणा, हसीना पारकरचा नवरा इब्राहिम पारकर याचा खून. त्याचा बदला म्हणून १२ सप्टेंबर १९९२ला जे.जे. हॉस्पिटलमध्ये दाऊद टोळीचा गोळीबार. गवळीचा शैलेश हळदणकर वॉर्डातच मारला गेला. त्याच्यासोबत पहाऱ्यावरचे दोन पोलीसही गेले.

दोन पोलीस. हवालदाराच्या मुलाच्या टोळीने मारलेले. त्यांच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, त्यावर अजून कुणी सिनेमा काढलेला माझ्या पाहण्यात नाही. हसीना पारकरवर मात्र २०१७ मध्ये निघाला.

आता दुसरं नाव. अरुण गुलाब गवळी. वडील गुलाबराव मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडून मुंबईत आले आणि गिरणीत लागले. स्वतः अरुणनेही सुरुवातीला गिरणी-कारखान्यांत नोकऱ्या केल्या. मग बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण अशी तिघांची टोळी झाली. १९८७ मध्ये बाबू रेशीम मारला गेला, १९८८ मध्ये रमा नाईक पोलिसांच्या चकमकीत गेला, आणि उरला अरुण.

इथे नेहमी एक कारण सांगितलं जातं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांनी पुकारलेला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, घरं बसली, पोरं गँगमध्ये गेली. खरं आहे, गेली. पण हिशेब पुरा करा की! त्या अडीच लाख घरांतली बहुतेक पोरं गँगमध्ये गेलेली नाहीत. कुणी रिक्षा चालवली, कुणी वॉचमन झालं, कुणाच्या आईने पोळी-भाजीचे डबे केले आणि मुलीला बी.कॉम. केलं. आज लोअर परळच्या ज्या काचेच्या इमारतींत तुम्ही-आम्ही कार्ड स्वाइप करून शिरतो, त्यांतल्या कितीतरी त्या गिरण्यांच्याच जागेवर उभ्या आहेत. आणि आत काम करणाऱ्यांमध्ये त्या कामगारांची नातवंडंही आहेत. परिस्थितीने दरवाजा उघडला हे मान्य. आत पाऊल टाकलं ते मात्र ज्याने त्याने.

तर हा अरुण पुढे 'डॅडी' झाला. पांढरा झब्बा, पांढरी गांधी टोपी. चाळीबाहेर न्याय मागायला आलेल्यांची रांग. चाळीची नवरात्रातली देवी बघायला मुंबईभरातून माणसं यायची. पुढे अखिल भारतीय सेना नावाचा पक्ष काढला आणि २००४ मध्ये चिंचपोकळीतून तो आमदार झाला. २ मार्च २००७ला शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना घाटकोपरच्या असल्फ्यात त्यांच्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. त्या खटल्यात ऑगस्ट २०१२ मध्ये मकोका कोर्टाने गवळीला जन्मठेप दिली. २०१९ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली. सतरा वर्षांहून जास्त काळ आत काढल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला, आणि सप्टेंबरमध्ये तो नागपूर जेलमधून सुटून घरी आला.

आता क्षणभर त्या घरातल्या मुलांच्या जागी बसून बघा.

जगातल्या बाकी सगळ्या मुलांचा डॅडी त्यांचा एकट्यांचा असतो. इथे 'डॅडी' ही गल्लीची, पेपरची, पोलीस डायरीची मालमत्ता. १९९२ मध्ये काका आधीच गेलेला, दारात बंदोबस्त, दर काही महिन्यांनी धाड. पुढे मुलाचं लग्न ठरलं २०१५ मध्ये, तेव्हा बापाला पॅरोल मिळतो की नाही हे कोर्ट ठरवणार. धाकट्या योगिताचं लग्न मे २०२० मध्ये मराठी अभिनेता अक्षय वाघमारेशी झालं, तेही दगडी चाळीतच, ऐन लॉकडाउनमध्ये, तोंडाला मास्क लावून. बाप पॅरोलवर होता म्हणून हजर. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त भटजी काढतात. इथे जेलच्या सुट्टीचाही हिशेब घालावा लागतो. बापाच्या एकाही गुन्ह्यात हात नसताना पोरांनी भरलेला हा हप्ता आहे, आणि तो नाकारता येत नाही. आमच्या पहिल्या तटाचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के बरोबर.

पण गोष्ट इथे थांबत नाही.

थोरली गीता गवळी राजकारणात आल्या. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत अखिल भारतीय सेनेचा एकच उमेदवार निवडून आला, तो म्हणजे त्या. आता नगरसेवकाचं काम म्हणजे नळ, गटार, दवाखाना, रेशनचा दाखला. त्यांनी ते काम केलं म्हणून लोकांनी मतं दिली असतील, का नाही? लोकशाहीत त्यांचा तो हक्क आहे. पण मतपत्रिकेवरचं मधलं नाव 'अरुण' नसतं तर तो पक्ष असता का, ती उमेदवारी असती का, हा प्रश्न विचारायचा मतदाराचाही हक्क आहे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत गीता आणि योगिता, दोघी बहिणी उभ्या राहिल्या. या वेळी डॅडी जेलमध्ये नव्हता, घरी होता. दोघीही पडल्या.

मला त्या निकालात सूड वगैरे दिसत नाही. भायखळ्यातले मतदार काही न्यायाधीश बनून मतदानाला गेले नसणार. पण एवढं नक्की : नावावर मिळालेली गोष्ट नावावर कायम राहत नाही.

याच नात्यात दुसरी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. सचिन अहिर हा गवळीचा भाचा. त्यानेही राजकारण केलं, पण मामाचा पक्ष न घेता राष्ट्रवादीतून. २००४ च्या लोकसभेला दक्षिण-मध्य मुंबईत मामा आणि भाचा एकमेकांविरुद्ध उभे होते! निवडून आले तिसरेच, शिवसेनेचे मोहन रावले. भाचा पुढे राज्यमंत्री झाला, पुढे शिवसेनेत गेला. तुम्हाला त्याचं राजकारण आवडो न आवडो, आज सचिन अहिर म्हटलं की पहिल्यांदा दगडी चाळ आठवत नाही. मान्य, त्याला एक सवलत होती. बहिणीचा मुलगा असल्यामुळे आडनाव वेगळं होतं. मुलींना ती सवलत जन्मतःच नव्हती.

मग आडनावच बदललं तर? हा प्रयोगही झालेला आहे, आपल्याकडे नाही, शिकागोच्या अल कपोनच्या घरी. १९३१ मध्ये अल कपोनला शिक्षा झाली ती खुनांसाठी नव्हे, इन्कम टॅक्स बुडवल्याबद्दल. (ऑफिसात फॉर्म सोळाच्या नावाने कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्याचा एकुलता एक मुलगा अल्बर्ट, लाडाचं नाव सनी. हा मुलगा आयुष्यभर साध्या नोकऱ्या-धंदे करत जगला. १९६५ मध्ये फ्लोरिडातल्या एका दुकानात तो पकडला गेला, का तर ॲस्पिरिनच्या बाटल्या आणि बॅटऱ्या उचलल्या म्हणून. दुसऱ्या कुणी केलं असतं तर गावच्या पेपरातही आलं नसतं. कपोनच्या मुलाने केलं म्हणून देशभर बातमी झाली. पुढच्याच वर्षी त्याने आडनाव बदलून 'ब्राऊन' करून घेतलं. आणि 'ब्राऊन' म्हणजे कोण? अल कपोन स्वतः धंद्यात जे खोटं नाव वापरायचा, तेच! बापाचं नाव काढून टाकायला गेला आणि बापाच्याच खिशातलं दुसरं नाव हातात आलं.

त्याहून मला विचार करायला लावतो तो कोलंबियाच्या पाब्लो एस्कोबारचा मुलगा. २ डिसेंबर १९९३ला मेडेयीन शहरात एस्कोबार पोलिसांच्या गोळ्यांनी मेला तेव्हा हा पोरगा सोळा वर्षांचा. संतापाच्या भरात त्याने रेडिओवर सगळ्यांना मारून टाकायची धमकी दिली. आणि थोड्याच वेळात पुन्हा फोन करून ती मागे घेतली. त्या दोन फोनच्या मधल्या काही मिनिटांत एक अख्खा गँगस्टर जन्मायचा राहिला, असं मला वाटतं. पुढे कुटुंब अर्जेंटिनात गेलं. हुआन पाब्लोचा सेबास्टियन मारोकिन झाला, आर्किटेक्ट झाला. नाव बदलून लपता आलं का? नाही. १९९९ मध्ये ओळख फुटलीच.

मग त्याने लपणं सोडलं आणि उलटं केलं. बापाने ज्यांना मारवलं, कायदामंत्री लारा १९८४ मध्ये आणि अध्यक्षपदाचे उमेदवार गालान १९८९ मध्ये, त्यांच्या मुलांना तो भेटायला गेला. 'सिन्स ऑफ माय फादर' या २००९ च्या डॉक्युमेंटरीत त्या भेटी आहेत. समोरासमोर बसलेली, साधारण एका पिढीची माणसं. सगळ्यांचे बाप गोळीने गेलेले, पण एकाचा बाप बाकीच्यांच्या बापांना मारणारा. तो माफी मागतो. ते त्याला सांगतात की तूही त्यात भरडलाच गेलास. पुढे 'नार्कोस' मालिका आली आणि आपण सगळ्यांनी वीकएंडला रात्र रात्र जागून ती बघितली, तेव्हा त्यात बापाला भारी दाखवलंय म्हणून जाहीर तक्रार करणारा हाच मुलगा होता!

इथे मला आपली गोची दिसते. पॅनलवर बसून 'त्यांच्यापैकी नाही ना' विचारणारे आपणच, आणि शनिवारी रात्री पॉपकॉर्न घेऊन 'त्यांच्यावरचा' सिनेमा बघणारेही आपणच. २०१५ मध्ये 'दगडी चाळ' आला, २०१७ मध्ये 'डॅडी'. २०१८ मध्ये गवळीने जेलमध्ये गांधी विचारांच्या परीक्षेत ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर मार्क मिळवले, ती बातमी आपण किती चवीने एकमेकांना पाठवली. बापाच्या नावाला ग्लॅमर आपण द्यायचं आणि त्याच नावाचा मुलगा फ्लॅट भाड्याने मागायला आला की सोसायटीची मीटिंग बोलवायची.

या नावाची बाजारात काय किंमत लागते त्याचा एक आकडा देतो. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने मुंबके गावातल्या कासकर कुटुंबाच्या जमिनींचा लिलाव केला. दाऊदच्या आईच्या नावावरच्या जमिनी. त्यातला एक तुकडा जेमतेम १७० चौरस मीटरचा, सरकारी किंमत १५ हजार ४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखावर! कोकणातल्या एका वितभर जमिनीला. जमीन तीच, माती तीच. वाढीव पैसे सगळे नावाचे. असं नाव वारशात आलं तर पोराने ते जपून ठेवावं की फेकून द्यावं, सांगा बरं?

तर, आमच्या दोन तटांचं काय? मला विचाराल तर दोन्ही तट चुकीचा प्रश्न घेऊन भांडत होते. 'बाप कोण' याचं उत्तर मुलाच्या हातात नसतं, त्यामुळे त्यावर नोकरी, फ्लॅट किंवा स्थळ नाकारणं म्हणजे कोर्टाने बापाला दिलेली शिक्षा आपण परस्पर पोराला वाढवून देणं. त्याचा बायोडेटा बघा, काम बघा, पोलीस व्हेरिफिकेशन जसं सगळ्यांचं करता तसं त्याचंही करा, आणि घ्या. पण 'त्या नावाचं तू काय करतोस' हा प्रश्न मात्र विचारायचा. ते नाव सांगून कुणी पार्किंग मिळवत असेल, वसुली करत असेल, धाकावर टेंडर घेत असेल, मतं मागत असेल, तर मग 'माझा काय दोष' ही ढाल त्याला मिळणार नाही. वारसा नको असेल तर पूर्ण नको म्हणावं. भीती माझी नाही आणि फायदा मात्र माझा, असं चालणार नाही.

आणि हा नियम फक्त गुंडांच्या पोरांना लावून मोकळं होऊ नका. कुणाचे वडील साहेब असतात, कुणाचे सासरे बिल्डर, कुणाचा मामा मंत्रालयात. 'ओळखतोस का मी कोणाचा मुलगा आहे' हे वाक्य दिल्लीत जास्त ऐकू येतं असं आपण म्हणतो, पण आपल्या अंधेरीतही ट्रॅफिक हवालदाराला ते अधूनमधून ऐकावं लागतं.

या सगळ्यात एक बाजू राहूनच जाते, आणि ती सर्वांत मोठी आहे. गँगस्टरच्या मुलाचं काय हा विचार करायला आपल्याकडे सिनेमे आहेत, मुलाखती आहेत, आणि आता हा माझा कॉलमही आहे. पण १९९३ च्या त्या २५७ घरांत, जे.जे.च्या त्या दोन पोलिसांच्या घरी, असल्फ्याच्या त्या घरीही मधलं नाव आहेच. त्या मुलांनीही आयुष्यभर फॉर्म भरले, वडिलांचं नाव लिहिलं आणि पुढे 'हयात आहेत का' या रकान्यात 'नाही' लिहिलं. त्यांना कुणी इंटरव्ह्यूत विचारत नाही, 'त्यांच्यापैकी ना तू?' एस्कोबारचा मुलगा मला वेगळा वाटतो तो याचसाठी. त्याने नाव बदललं म्हणून नव्हे, तर तो या दुसऱ्या घरांचं दार वाजवायला गेला म्हणून. आपल्या मुंबईत अशी एखादी भेट झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता फॉर्मचा विषय निघालाच आहे तर एक बातमी. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव येणार. म्हणजे मधल्या जागेवरची बापाची मक्तेदारी संपली. डॅडीच्या घरातल्या आईचंच बघा. लग्नाआधीची झुबेदा मुजावर, लग्नानंतर आशा गवळी. नवरा वर्षानुवर्षं आत असताना घर, चाळ आणि पाच पोरं बघितली ती तिने. दाऊदच्या आईचं नाव अमीना. तुमच्यापैकी किती जणांना ते माहीत होतं?

माझ्या भाचीचा जन्म २०१६ चा. परवा शाळेने नवा फॉर्म पाठवला, त्यात आईच्या नावाचा रकाना वडिलांच्या आधी होता. तिने सगळं नाव एका ओळीत लिहायचा प्रयत्न केला, ते चौकटीबाहेर गेलं. मग तिने जरा लहान अक्षरात पुन्हा लिहिलं. सगळी नावं नीट बसली.